बोर्डिंगचा आहेर

मानसिंगचं लग्न ठरलं त्या दिवसापासून कणशांच्या घरात लग्नापेक्षा बोर्डिंगचीच चर्चा जास्त चालली होती, आणि याचं नवरदेवाला मनापासून वाईट वाटत होतं. हळद तोंडावर आली तरी फेटा कुठल्या रंगाचा घ्यायचा हे त्याला कुणी विचारेना. सोप्यात येऊन बसलेला प्रत्येक पाहुणा पाणी प्यायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "मग, पोरींच्या चुलीचं काय ठरलं?"

ती चूल कऱ्हाडात पेटायची होती. कणशांचा गूळ तीन पिढ्या ज्यांच्या अडतीवर जात होता त्या सांगलीच्या धनपाल अण्णांचं कऱ्हाडात एक जुनं गोदाम होतं. मुलींच्या बोर्डिंगला ते बिनभाड्यानं द्यायचं अण्णांनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर. मृग निघायच्या आत पोरींना वर्षभर पुरेल एवढं धान्य कोठीत पडलं पाहिजे. नाही पडलं तर गोदामात पुन्हा गुळाच्या ढेपा. अण्णा माणूस मऊ, पण अट गुळासारखी. बसली की हलायची नाही.

अंजनाची झोप उडाली होती ती या अटीनं. अंजना म्हणजे मानसिंगचे वडील लालासाहेब, त्यांच्या धाकट्या भावाची, नाथाजींची मुलगी. ट्रेनिंग कॉलेज करून आलेली. 'शिकली म्हणून लग्नाची राहिली' असं भावकी तिच्याबद्दल म्हणायची. खरं तर ती लग्नाला नको म्हणाली होती म्हणून शिकली होती, पण भावकीला क्रम कोण समजावणार! उंब्रजच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सातवी होऊन घरी बसलेल्या दहा-बारा मुली तिनं हेरल्या होत्या. हायस्कूल कऱ्हाडला, आणि रोज जायची सोय नाही. एकेका बापाच्या दारात चार-चार खेटे घालून तिनं होकार मिळवला होता. बोर्डिंग यंदा उघडलं नाही तर त्यातल्या निम्म्या पोरी पुढच्या लगीनसराईत बोहल्यावर उभ्या राहतील, हे ती जाणून होती.

फक्त एका दारात तिला नकार मिळाला होता, आणि ते दार तिच्याच घराचं होतं. लालासाहेबांची धाकटी हौसा गेल्या साली सातवीला तालुक्यात वर आली आणि तेव्हापासून घरी शेणी थापत होती. "आपल्या पोरीला काय कमी हाय म्हणून तिनं बोर्डिंगातली भाकर खायाची?" लालासाहेब म्हणाले होते. "त्ये गोरगरिबांसाठी. त्यास्नी आमी मदत करू की." यावर अंजना काय बोलणार! हौसाला तर कुणी विचारलंही नव्हतं.

बोर्डिंगचे सेक्रेटरी होते नाथाजी. लढाई संपल्यावर पलटणीतून जमादार होऊन परत आलेले. सारा जन्म हुकूम घेण्यात आणि देण्यात गेलेला. मागणं ही गोष्ट मधे कुठं शिकायची राहूनच गेली होती. पावतीपुस्तक काखेत मारून ते परक्या अंगणात ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "बोर्डिंगला मदत पायजे. किती देता?" जमादाराला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि हो म्हणायची कुणाला घाई नव्हती. मग लोक चहा करायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी धनपाल अण्णा सांगलीहून आले. टोपी काढून खुंटीला लावली आणि टेकायच्या आधीच म्हणाले, "काय नाथाजीराव, फंड कितपत आला?"

"च्या आला," लालासाहेबांनी भावाच्या वतीनं उत्तर दिलं. "दोन तालुक्यांचा च्या पिऊन आलाय ह्यो गडी. कंट्रोलच्या दिसांत लोकांची साखर संपीवली."

नाथाजी म्हणाले, "लोकांत डिसिप्लिन न्हाई, त्याला मी काय करू?"

"अवं, डिसिप्लिननं कोण देतंय?" अण्णा हसले. "आमच्या बस्तीत, म्हंजे जैनांच्या देवळात, पूजेला सवाल निघतोय, बोली लागती. देवाला पयला कलश कुणी घालायचा, त्याचा मान. सवाल पुकारणारा काय करतो? आदी सोताचा आकडा बोलतो, आन् मग दुसऱ्याकडं बघतो. रिकामी वंजळ फुडं केली की लोक नुसती वंजळच बघत बसत्यात."

"म्हंजे मानाची गोष्ट पायजे," लालासाहेब म्हणाले.

"मी ते म्हनलो न्हाई. मी म्हनलो, आदी सोताचं—"

पण लालासाहेबांनी निम्मंच ऐकायचं ठरवलं होतं. त्यांची ती जुनी खोड. उसाच्या लावणीपासून पोराच्या सोयरिकीपर्यंत निम्मं ऐकून त्यांनी धडाक्यात कामं केली होती आणि उरलेलं निम्मं घरच्यांनी निस्तरलं होतं. ते ताडकन उठले. म्हणाले, "ठरलं. ह्या लग्नाला जेवढा म्हणून आहेर यील, त्यो समदा बोर्डिंगला. लुगडं, धोतार, भांडं, रोकड. एक चिंधी घरात घ्यायाची न्हाई."

कोपऱ्यात फेट्याची वाट पाहत बसलेल्या मानसिंगचा चेहरा पडला, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. अंजनाचे डोळे भरून आले. तिनं वाकून चुलत्याच्या पायांना हात लावला.

"जरा इचार करा की, लालासाहेब," अण्णा हळूच म्हणाले.

"इचार बायका करत्यात, अण्णा."

आतल्या दाराशी ताकाचे पेले घेऊन उभ्या असलेल्या मनुबाईंनी, लालासाहेबांच्या बायकोनं, ते ऐकलं. पेले खाली ठेवले आणि त्या आत निघून गेल्या. लालासाहेबांनी सांगून टाकलेलंच होतं, तेव्हा त्या विचार करू लागल्या.

घटकाभरानं अंजना उड्या मारायच्या बेतातच स्वयंपाकघरात आली. "काकी, ऐकलं का? आबांनी समदा आहेर दिला."

"ऐकलं." मनुबाई पुरणाची डाळ निवडत होत्या. "आहेर म्हंजे काय असतंय गं, अंजना?"

"म्हंजे? भेट."

"भेट व्हय? तुझ्या कालेजात असंच शिकीवत असतील. अगं, आहेर म्हंजे उसनं. भोसल्याच्या थोरलीला आपण जरीकाठी घातली, म्हनून त्यो उंद्या जरीकाठी घिऊन येणार. उंद्या त्यानं घातली की फुडं त्याच्या धाकट्याच्या लग्नात आपण घालायची. ह्ये चाक फिरत ऱ्हातंय. आता तुज्या बोर्डिंगला जरीकाठी घातली, तर ती परत कोण घालणार?"

अंजनाला हे सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग तुमी आबांना सांगत का न्हाई?"

"सांगितलं की मगाशी, पाण्याचा तांब्या देताना. म्हनले, ह्या लग्नात तरी मला तोंडघशी पाडू नगंस." मनुबाईंनी सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "आता पडतील तवा पडतील. हौसा, म्हशीला पाणी दावलंस का?"

हौसा परड्यातून हो म्हणाली. ती म्हैस मनुबाईंची. तासगावहून, त्यांच्या माहेराहून आलेल्या म्हशीच्या पोटची. मनुबाई आणि हौसा सोडून तिसऱ्या माणसाला कासेजवळ येऊ द्यायची नाही. लालासाहेबांना तिनं एकदा असं झाडलं होतं की ते आठवडाभर बसायच्या आधी जागा बघत होते.

*

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि आहेराची वेळ झाली. बोहल्याशेजारी घोंगडं अंथरून आहेर पुकारायला गावचा सिद्धू उभा राहिला. सिद्धूचा आवाज असा की आहेर पुकारला की नदीपलीकडं समजावा. मुंडावळ्या सावरत मानसिंग आणि नवरी बसली. मांडव माणसांनी गच्च भरला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं.

लालासाहेबांनी घसा खाकरला. भाषण त्यांनी सकाळी विहिरीवर दोनदा म्हणून पाहिलं होतं. "मंडळी, आमच्या मानसिंगाला तुमचा आशीर्वाद बास हाय. आजचा समदा आहेर आमी कऱ्हाडच्या पोरींच्या बोर्डिंगला देतोय." ते थांबले. इथं टाळ्या पडतील असा त्यांचा अंदाज होता. दोन-चार पडल्या, त्यातल्या निम्म्या नाथाजींच्या.

मांडवात कुजबूज झाली. मग एक चमत्कारिक गोष्ट लालासाहेबांच्या नजरेला पडली. मांडीवरची गाठोडी एकेक करून मांडीखाली सरकू लागली.

"भोसले पावणे, मसूर गावचे," सिद्धू पुकारता झाला, "यांच्याकडनं बोर्डिंगला आहेर... एक रुपया."

सिद्धूलाही ते खरं वाटेना. त्यानं भोसल्यांकडं पाहिलं. भोसले मांडवाच्या आंब्याच्या पानांकडं पाहत होते.

"पवार पावणे... एक रुपया." "माने पावणे... आठ आणे, आन् नारळ." एवढ्या मोठ्या आवाजात एवढी लहान रक्कम सिद्धूनं जन्मात पुकारली नव्हती, आणि त्याचा आवाजच आपोआप उतरत चालला.

शेवटी दादासो उठले. दादासो म्हणजे कणशांच्याच भावकीतले. शेजारचा मळा त्यांचा आणि बांधावरून निघालेलं वैरही त्यांचंच. बोलणं मात्र नेहमी साखरेत घोळलेलं. "लालासाब, राग मानू नगा, पण एक इचारतो. ह्यो आहेर फेडायचा कुणी? तुमी, का बोर्डिंगनं?"

"बोर्डिंगला दिला म्हंजे..." लालासाहेब अडखळले. "बोर्डिंगनंच."

"बरं. मग बोर्डिंगचं लगीन कवा हाय?"

मांडव हसला. वाजंत्रीवालेसुद्धा हसले. दादासो मात्र गंभीरच होते. "न्हाई, तसं आवतान आलं तर आमी येऊ की. पण माज्या पोराच्या लग्नात बोर्डिंग येणार का लुगडं घिऊन? धर्म म्हनून मागा, रुपाया देतो. आहेर म्हनून मागा, लुगडं देतो. दोनी एकात कालवू नगा."

नाथाजी सरसावून उठले, पण धनपाल अण्णांनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं. "बसा की, जमादार. परेड न्हाई ही."

"आन् आणिक एक," दादासो म्हणाले. "बोर्डिंग येवढं चांगलं हाय, तर तुमची हौसा जाणार हाय का तितं?"

आता कुणी हसलं नाही. हा सवाल प्रत्येकाच्या मनात होता, आणि तो दादासोंनी विचारला म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं.

लालासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जबाब शोधायला त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. गोरगरिबांसाठी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर बसलेले ते गोरगरीब दिसले. ज्यांच्या पोरी जाणार होत्या ते बाप. धुवट धोतरं नेसून आलेले. त्यांच्या तोंडावर ते वाक्य टाकवेना.

त्या बापांकडं अंजनाही पाहत होती. एक जण उठून पायतान शोधायला लागला होता. "बगू म्हनं फुडल्या साली," असं तो शेजाऱ्याला म्हणाला, ते अंजनाला ऐकू आलं. पुढल्या साली ती पोर कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असणार. इतके दिवस तिनं सगळ्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. शिक्षणाचं महत्त्व, देशाचं भवितव्य. आपल्या घरची पोर का नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि लोकांना तेवढंच ऐकायचं होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला हालचाल झाली. मनुबाई उठल्या, पदर सारखा केला आणि पुरुषांच्या रांगेमधून वाट काढत सरळ सिद्धूच्या घोंगड्यापाशी आल्या.

"सिद्धू, माजा आहेर पुकार."

सिद्धू गांगरला. "वैनी, घरचाच आहेर? आन् मालकाच्या नावानं पुकाराय लागंल. बायामाणसाचं नाव मांडवात..."

"म्हैस मालकाची न्हाई. माज्या माह्यारची हाय. तिला इचार, मालकाला जवळ तरी यिऊ देती का."

पहिली हसली ती नवरी. मग तोंडावर पदर धरून अख्खी बायकांची बाजू.

"दुभती म्हैस, बोर्डिंगला," मनुबाई म्हणाल्या. "आन् माज्या आहेराची फेड मी आत्ताच मागून घेती. बोर्डिंगनं मला लुगडं नगं. माज्या हौसाला ठिवून घ्यायाचं, आन् मॅट्रिक होईस्तवर परत लावायाचं न्हाई. म्हैस तिच्या हाताला लागलेली हायच, दूध ती काढंल. दादासो भावजी, फिटला का तुमचा सवाल?"

दादासोंनी मिशीवर हात फिरवला.

सिद्धू तोंड उघडून लालासाहेबांकडं पाहत राहिला. मांडवात पुकारलेला आहेर परत घेता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अजून पुकारलेला नव्हता. मनुबाई नवऱ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी नजर घोंगड्यावर रोवली होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत नवऱ्यासमोर आवाज काढला नव्हता, आणि आज काढला तो थोरल्या लेकाच्या मांडवात, अख्ख्या भावकीपुढं. लालासाहेबांना राग आला, खरंच आला. आणि रागाच्या खाली त्यांना हेही समजत होतं की आपण पडलो होतो तिथून उठवायला एवढ्या माणसांत एकटी हीच आली होती.

"थांबलास का रं?" ते सिद्धूवर खेकसले. "आहेर आलाय न्हवं? पुकार."

"मनुबाई..." सिद्धूनं सुरुवात केली, आणि मग त्याचा हरवलेला आवाज परत आला. "मनुबाई लालासाहेब कणसे यांच्याकडनं बोर्डिंगला आहेर, दुभती म्हैस!"

आवाज नदीपलीकडं गेला असावा.

बायकांच्या बाजूनं लगेच मसूरची रंगूबाई उठली. भोसल्यांची विधवा वहिनी. स्वतःची शेती स्वतः पाहणारी. "माज्याबी नावानं पुकार. दोन पोती जोंधळा. फेड म्हनून माजी नात घ्या." एक रुपया घालून बसलेल्या भोसल्यांनी वहिनीकडं पाहिलं, आणि मांडीखालचं गाठोडं हळूच बाहेर ओढलं. मघाशी पायतान शोधणारा बाप परत येऊन बसला. त्यानं पायलीभर गहू सांगितला. सिद्धूनं तो दोन पोत्यांच्याच आवाजात पुकारला. मग मात्र मांडवाला धीर धरवेना. लोकांना घालायचा होताच आहेर. नुसता परत यायची वाट पाहिजे होती, ती दिसली होती.

"मला तर तिन्ही पोरगेच," दादासो उठून म्हणाले. "मी काय फेडून घिऊ?"

"सुना आणाल की तात्या," अंजना म्हणाली. "मॅट्रिक झालेल्या. हिशेबात तुमची चूक धरणाऱ्या."

मांडवाबरोबर दादासोही हसले, आणि बोलले ते तीन पोती. लालासाहेबांच्या वरचढ आकडा बोलायची संधी त्यांनी आजवर सोडली नव्हती, आणि म्हशीची किंमत त्यांनी मनात बरोबर काढलेली होती.

"लुगडी-धोतरं माज्याकडं द्या," धनपाल अण्णा नाथाजींना म्हणाले. "सांगलीत इकतो आन् त्याचा तांदूळ घालतो. ढेपांना आता दुसरी जागा बगाय पायजे की हो." आणि मग जरा खाली वाकून, "जमादार, बगितलंसा? वैनीबाईंनी आकडा आदी सोताचा घातला."

"येस सर," नाथाजी म्हणाले. पलटणीतली सवय, बोलून झाल्यावर ते स्वतःच लाजले.

*

पंगती उठल्या, पाहुणे पानं जमवू लागले. मनुबाई आत वाढप्यांवर ओरडत होत्या, नेहमीच्या आवाजात. लालासाहेबांना त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण काय ते ठरेना. दोनदा दारापर्यंत जाऊन ते परत आले. तिसऱ्यांदा मनुबाईच म्हणाल्या, "काय पायजे?"

"काय न्हाई. म्हैस गेली म्हनायची."

"व्हय. आता तुमी परड्यात कुटंबी बसा."

लालासाहेब हसू दाबत परड्यात गेले. हौसा गोठ्याशी होती. लग्नाचं नवं परकर-पोलकं तसंच, हातात पेंढीचा दोर. मांडवात काय झालं ते तिला समजलं असणारच. सिद्धूचा आवाज भिंतींना जुमानत नव्हता. पण बापासमोर आपणहून बोलायची रीत या घरात नव्हती.

लालासाहेब पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेला टेकले. येताना त्यांनी मनाशी बरंच काही जुळवून आणलं होतं. घाबरू नकोस, करमलं नाही तर निरोप धाड, मी स्वतः गाडी जुंपून येईन. पोर रडेल, आईच्या गळ्यात पडेल, मग तिची समजूत घालावी लागेल. तेवढं बापाचं काम होतंच.

"तुज्या आईनं तुला इचारलं हुतं का गं?"

"न्हाई."

"मग मी इचारतो. बोर्डिंगात जाशील?"

"व्हय," हौसा म्हणाली. प्रश्न पुरता संपलाही नव्हता. "कवा?"

जुळवून आणलेलं सगळं लालासाहेबांच्या तोंडात राहिलं. त्यांनी पोरीकडं पाहिलं. ती रडत नव्हती. दोर खाली टाकून, जणू गाडी दारात उभी आहे अशी ती हात पुसत होती. ही वर्षभर या गोठ्यात उभी होती, त्यांच्या रोजच्या वाटेवर, आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"मृगाच्या आदी," ते म्हणाले, आणि मांडवात परत न जाता तिनं खाली टाकलेला दोर उचलून हातात गुंडाळू लागले.